हुमणीला पाऊस कळतो, आपल्याला वेळ कळावी



अमळनेर भागात वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला, की दिवस मावळताच बांधावरच्या निंबावर, बाभळीवर, बोरीवर तपकिरी भुंगेरे घोंघावू लागतात. पावसाबरोबर किडे आले, असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ते कित्येक महिने आपल्याच शेतात होते!

आपला उन्हाळा कडक. त्यातून तगण्याची युक्ती या किडीला साधली आहे. हुमणीची अळी पावसाळाभर मुळ्या खाते आणि पुढे ओल सरू लागली की खोल उतरून कोष करते. कोषातून निघालेला भुंगेरा वर न येता मातीतच गप्प बसतो. पावसाची ओल पोचली, की सगळे एकदमच बाहेर पडतात. पाला खातात, नर-मादी जमतात आणि पहाटेपूर्वी पुन्हा जमिनीत शिरतात. वर्षाला पिढी एकच, पण एक मादी सुमारे ५०-६० अंडी घालते.

ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडतो, ओढताच उपटून येतो. तेव्हा धावपळ करून फारसे हाती लागत नाही. अंडी घालण्याआधीच एक मादी वेचली, तर ५०-६० अळ्या टळल्या.

म्हणून पहिल्या पावसानंतर रोज सायंकाळी सात ते नऊ बॅटरी घेऊन निघा. काठीने फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवा. मात्र भुंगेऱ्याला बांध कळत नाही. एकाने वेचले आणि शेजाऱ्याने सोडले, तर श्रम वाया. सगळ्या गावाने मिळून हे काम करावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.