स्विंग वाजवायचंय? मग तिसरी तार उतरवा

खापरहून मी! ज्यांचा डेटा संपलाय किंवा बसमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. गिटार जवळ असेल तर घ्याच. वाचता वाचता तारा लावून होतील.

गेल्या उन्हाळ्यात मामेभावाच्या हळदीला मी रेझोनेटर घेऊन बसलो. रेझोनेटर म्हणजे पोटात ॲल्युमिनियमचा शंकू असलेली गिटार, आवाज लांब फेकते. मी ती मांडीवर आडवी ठेवून स्टीलच्या बारने वाजवतो. ट्यूनिंग होतं ओपन जी, जाड तारेकडून डी-जी-डी-जी-बी-डी. कीबोर्डवाल्या दादाने ‘अलबेला’मधलं गाणं धरलं. सुरुवात झकास! मग तो ए मायनरवर गेला, मी बार दुसऱ्या फ्रेटवर सरकवला आणि माझ्याकडून निघाला ए मेजर. त्याचा सी, माझा सी शार्प. मामा म्हणाले, “काय रे भाच्या, तुझं गाणं वेगळं चाललंय का?”

चूक बोटांची नव्हतीच. सरळ बार सगळ्या तारांना एकाच फ्रेटवर धरतो, म्हणून जी कॉर्ड तारांत लावाल तीच फक्त पुढेमागे सरकते. ब्लूजला तेवढं पुरतं. स्विंगमध्ये मायनर, सिक्स्थ, सेव्हन्थ भराभर येतात. ‘अलबेला’ (१९५१) घ्या ना. संगीतकार आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र, आणि सोबत मुंबईतला जॅझ ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, मूळचा गोव्यातल्या हळदोण्याचा. असल्या गाण्यात नुसता मेजर घेऊन बसलात की फसलातच.

मग मी हवाईयन लोकांचं सी सिक्स्थ करायला गेलो: सी-ई-जी-ए-सी-ई. त्याला तारांचा सेटच वेगळ्या जाडीचा लागतो, हे मला कुठे माहीत! साध्या सेटवर चौथी तार डीवरून जीपर्यंत चढवली आणि तुटली. खापरात कुरिअरची वाट बघत आठ दिवस गेले.

तेव्हा ठरवलं, तार चढवायचीच नाही. नेहमीच्या ट्यूनिंगवरून सहावी आणि पहिली ईवरून डीवर उतरवा, पाचवी एवरून जीवर, तिसरी जीवरून ईवर. चौथी-दुसरीला हात लावू नका. झालं डी-जी-डी-ई-बी-डी, म्हणजे जी सिक्स्थ. जीला सा मानलं तर सा, ग, प, ध. भूपातला फक्त रे कमी!

आता गंमत बघा. बार पाचव्या फ्रेटवर ठेवा. पाचवी, चौथी, दुसरी छेडली की सी मेजर. बार न हलवता चौथी सोडून तिसरी घ्या, ए मायनर! चौथीवर जी असतो, तिसरीवर ए, एवढाच फरक. हळदीत मला हाच मायनर हवा होता. सगळ्या तारा एकदम फिरवल्या तर सिक्स्थ, जुन्या स्विंग बँडच्या शेवटच्या ठोक्यासारखी.

सेव्हन्थ मात्र सरळ बारने निघत नाही, बार तिरका करावा लागतो. डी सेव्हन्थसाठी तिसरी तार आठव्या फ्रेटवर, दुसरी सातव्यावर. हे झाले सी आणि एफ शार्प, आपल्या भाषेत म आणि नी. म ओढ घेतो गकडे, नी साकडे. म्हणून बार उलटा तिरका करा: तिसरी सातव्यावर, दुसरी आठव्यावर. ग आणि सा मिळाले, जीवर पोचलात. मनगटाची एवढीशी हालचाल, पण मला ती सुरात यायला तीन आठवडे लागले. रोज दहा मिनिटं, ट्यूनर ॲप समोर उघडं ठेवून. बार बरोबर फ्रेटच्या पट्टीवर हवा. दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवला की बेसूर.

एक त्रास आहे. तिसरी तार सैल पडते आणि बारखाली खडखडते. तिथे थोडी जाड तार लावा. काही कॉर्ड तरीही निघणार नाहीत. डिमिनिश्ड आली की मी दोनच सूर धरतो, नाहीतर गप्प बसतो. कीबोर्डवाला आहे ना!

सोल हूपीचं १९२० च्या दशकातलं रेकॉर्डिंग शोधून ऐका, तीन शंकूंच्या नॅशनल गिटारवरचं. ट्यूनिंग त्याचं वेगळं, पण बार कुठे तिरका होतो ते कानाला कळतं.

पुढच्या महिन्यात धाकट्या मामेभावाची हळद आहे. कीबोर्डवाला दादा तोच, मामाही तेच.