घरी सोडतानाचा कागद मराठीत का नको?

आमच्या गल्लीतल्या आक्का गेल्या पावसाळ्यात एका मोठ्या दवाखान्यात आठ दिवस होत्या. वय ७६. छातीत कफ साठून ताप चढला होता. आठव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता 'घरी न्या' म्हणून सांगितले गेले. नातू बिलाच्या खिडकीपाशी, सून कपडे आवरण्यात गुंतलेली, आणि आक्का मांडीवर पिशवी घेऊन खाटेवर बसलेल्या. सिस्टरबाईंनी गोळ्या हातात ठेवून कन्नडमध्ये भराभर सांगितले. आक्कांनी मान डोलावली.

बाजारापुरते कन्नड आक्कांना उत्तम येते. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी त्या कन्नडमध्येच भांडतात. पण 'ऊटक्के मोदलु' आणि 'ऊटद नंतर' यांतला 'नंतर' तेवढा त्यांच्या कानाने धरला, कारण तो शब्द दोन्ही भाषांचा. सगळ्याच गोळ्या जेवणानंतरच्या झाल्या.

एवढ्यावर निभावले असते. पण घरच्या डब्यात रक्तदाबाची जुनी गोळी होती. दवाखान्याने दिलेली गोळीही तीच; कंपनी निराळी, वेष्टन निराळे. आक्का इमानेइतबारे दोन्ही घेत राहिल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे न्हाणीकडे जाताना चक्कर येऊन पडल्या आणि मनगट मोडले. गावातल्या डॉक्टरांनी दोन्ही पाकिटांमागची बारीक अक्षरे वाचली तेव्हा उलगडा झाला. जुनी गोळी बंद करावी, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले होते. इंग्रजीत.

आम्ही सिस्टरबाईंना दोष देत नाही. एकेका बाईकडे किती खाटा असतात ते आम्ही पाहिले आहे. शिवाय कार्ड इंग्रजीत, म्हणजे शेजारच्या कन्नड भाषिक अज्जांचीही तीच गत. त्यांना निदान तोंडी सांगितलेले तरी कळते. आमच्या म्हाताऱ्यांना तेही नाही.

राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी संरक्षणे ठरली. ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे त्यांतलेच एक. घटनेच्या ३५० ब कलमान्वये त्यासाठी आयुक्तही आहेत. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत आम्ही त्या प्रमाणाच्या कितीतरी पुढे आहोत. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. ती खर्चासाठी, कार्ड वाचून कोण दाखवणार, हा प्रश्न तिने सुटत नाही. सरकारी दवाखान्यांनी घरी सोडताना एक पानभर मराठी मजकूर द्यावा, असे निवेदन आमची समिती देत आहे.

निवेदनाचे उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर घरच्यांनी काही गोष्टी हाती घ्याव्यात. घरी सोडण्याची तयारी शेवटच्या तासात होत नाही. भरती केल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच विचारायला लागावे. घरातल्या जुन्या गोळ्यांचा डबा दवाखान्यात न्यावा आणि कोणती चालू, कोणती बंद, हे डॉक्टरांसमोरच वेगळे करून घ्यावे. कार्डावरची अक्षरे फार अवघड नाहीत: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस म्हणजे गरज पडली तरच.

वर्गात 'समजले का?' विचारले की सगळी पोरे 'हो' म्हणतात, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव. म्हाताऱ्यांचेही तसेच. म्हणून सिस्टरबाईंनी सांगितलेले त्यांच्यासमोरच उलट सांगून दाखवावे, मोडक्या कन्नडमध्ये का होईना. चूक तिथेच सापडते.

घराकडेही आधी एक नजर टाकावी. आठ दिवस खाटेवर पडलेल्या माणसाच्या पायांतले बळ गेलेले असते. आमच्याकडे न्हाणी आणि संडास बहुधा परसात. वाटेत ओली फरशी, उंबरा आणि अंधार. रात्री दिवा लावून ठेवावा, दारातली गोणपाटे उचलावीत, आणि खाटेवरून उठताना आधी दोन मिनिटे पाय खाली सोडून बसायला लावावे. लघवीची नळी असेल तर पिशवी कमरेच्या खालीच राहिली पाहिजे. खांद्याला अडकवून घरी आणलेली आम्ही पाहिली आहे. जो कूस बदलू शकत नाही, त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. धाप लागली, एकच पिंढरी सुजली, ताप पुन्हा चढला किंवा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही दोघे-तिघे शिक्षक गावच्या शाळेत बसतो. आणलेल्या कार्डावरून मोठ्या मराठी अक्षरांत गोळ्यांचे वेळापत्रक लिहून देतो. अक्षर लागले नाही तर अंदाज करत नाही, गावातल्या डॉक्टरांना विचारतो. कार्ड आणताना गोळ्यांचा डबाही आणावा, जुन्या गोळ्यांसकट.