तूर दोनशेवर गेली तेव्हा

२०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली आणि आमच्या घरच्या वरणाचा रंग बदलला. आई तुरीत मसूर मिसळू लागली. मग मुगाची आमटी आली, आठवड्यातून दोनदा पिठलं आलं. महिनाअखेरीला आणखी एक बदल जाणवला. फळं बंद झाली होती आणि दूध लिटरवरून पाऊण लिटरवर आलं होतं. दुधाचा भाव तर एका पैशानेही वाढला नव्हता.

भाव वाढला की मागणी घटते, हे मंडईत पिशवी घेऊन जाणारा कुणीही सांगेल. पण त्या घटीत दोन धागे गुंतलेले असतात. तुरीच्या मानाने मसूर स्वस्त वाटते म्हणून आपण तिच्याकडे वळतो, हा पर्यायता परिणाम. आणि पगार तेवढाच असूनही त्यात पूर्वीएवढा किराणा बसत नाही, म्हणजे आपण थोडे गरीब होतो, हा उत्पन्न परिणाम. आमचं पाव लिटर दूध या दुसऱ्या धाग्याने ओढून नेलं.

हे धागे सुटे कसे करायचे? रशियन अर्थशास्त्रज्ञ यूजीन स्लुत्स्की यांनी १९१५ साली एका इटालियन नियतकालिकात त्याची रीत मांडली. महायुद्धाच्या धामधुमीत तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही; १९३४ मध्ये जॉन हिक्स आणि रॉय ॲलन स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. रीत घरगुती हिशेबाइतकी सोपी आहे. समजा, घरात महिन्याला चार किलो तूर लागते. भाव ८० असताना ३२० रुपये जायचे, २०० झाल्यावर ८०० जातील. आता कुणी वरचे ४८० रुपये हातावर ठेवले, तर जुनी यादी जशीच्या तशी भरता येईल. तरीही आई चार किलो तूर आणणार नाही. तीन आणेल आणि उरलेल्या पैशात मसूर, मूग घेईल. ही एका किलोची घट निव्वळ पर्यायतेची. मग ते ४८० रुपये काढून घ्या. त्यानंतर जे जे यादीतून गळेल, ते उत्पन्न परिणामाचं.

गरिबाच्या ताटात हा दुसरा परिणाम फार बलवान असतो. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातल्या गरीब कुटुंबांना तांदळावर सवलत दिली. तांदूळ स्वस्त झाला आणि त्यांच्या घरचा खप चक्क कमी झाला. सवलत काढताच तो वाढला. महाग झालेल्या तांदळानेच पोट भरायचं, कारण त्याहून महाग काही घेण्याची ऐपत उरलेली नसते. २००८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूचा भाव चढला की खपही चढतो, तिला अर्थशास्त्रात गिफेन वस्तू म्हणतात.

स्लुत्स्कींचे ते ४८० रुपये आपल्याकडे काहींना खरोखरच मिळतात. त्याचं नाव महागाई भत्ता. सरकारी नोकरदाराचा भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून सुधारतो. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मात्र असा भत्ता नसतो. पुढच्या वेळी डाळ कडाडली की त्यांच्या पगाराचा विषय त्यांनी काढायची वाट पाहू नका, आपणच काढा.