मिनी पोकलेनची चेन पुन्हा पुन्हा का उतरते? घरच्या घरी दुरुस्ती कुठपर्यंत करावी?

पाइपलाइनसाठी चर खोदायचा असो, बागेत खड्डे घ्यायचे असोत की अरुंद बोळात घराचा पाया काढायचा असो, मोठा जेसीबी जिथे वळत नाही तिथे मिनी एक्स्कॅव्हेटर, म्हणजेच आपल्याकडचा ‘मिनी पोकलेन’ कामाला येतो. एक-दोन मालक बदललेले जुने मशीन घेऊन ते भाड्याने चालवणारेही अनेक आहेत. अशा मशीनचा सर्वांत त्रासदायक बिघाड म्हणजे ट्रॅक निसटणे, चालकांच्या भाषेत चेन उतरणे. चेन उतरली की मशीन जागेवर बसते आणि ताशी भाडे थांबते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. त्यामुळे बरेच मालक अंगणातच दुरुस्तीला हात घालतात. यातले बरेचसे काम घरी होण्यासारखे आहे. पण त्यातला एक टप्पा जिवावर बेतू शकतो, आणि कारण न शोधता नवा ट्रॅक घेतला तर पैसा वाया जातो.

ट्रॅक कसा काम करतो?

साधारण ६ टनांपेक्षा कमी वजनाच्या मशीनला मिनी एक्स्कॅव्हेटर म्हणतात. बहुतेकांना रबरी ट्रॅक असतो. मागे स्प्रॉकेट, म्हणजे दात असलेले चाक असते. ट्रॅव्हल मोटर ते फिरवते आणि ट्रॅक ओढला जातो. पुढच्या टोकाला, ब्लेडच्या बाजूला आयडलर नावाचे मोकळे फिरणारे चाक असते. मशीनचे वजन खालच्या रोलरवर असते.

मोटरसायकलची साखळी सैल झाली की मागचे चाक मागे सरकवून ती ताणतात. इथे उलटे होते, पुढचा आयडलर पुढे ढकलला जातो. हे काम ट्रॅक ॲडजस्टर करतो. त्याच्या सिलिंडरमध्ये ग्रीस गनने ग्रीस भरले की आयडलर पुढे सरकतो आणि ट्रॅक ताणला जातो. दगड आडवा आला तर धक्का झेलण्यासाठी मागे एक जाड, दाबलेली स्प्रिंग असते.

मग चेन उतरते का?

चेन उतरणे हा आजार नाही, लक्षण आहे. त्यामागे सहसा पुढीलपैकी एखादे कारण असते.

- ताण कमी असणे : सैल ट्रॅक वळताना आयडलरवरून बाहेर सरकतो.
- ॲडजस्टरचे सील गळणे : आज ग्रीस भरले की ट्रॅक ताठ, दोन-तीन दिवसांनी पुन्हा सैल. ॲडजस्टरभोवती ताजे ग्रीस दिसले तर दोष ट्रॅकचा नाही.
- झिजलेले स्प्रॉकेट : दात टोकदार किंवा आकड्यासारखे वाकडे झाले की ट्रॅकच्या खाचेत नीट बसत नाहीत.
- जाम रोलर, झिजलेला आयडलर : रोलरची एकच बाजू सपाट झाली असेल तर तो फिरत नाही, फक्त घासतो.
- अडकलेली माती व दगड : पावसाळ्यात काळी माती स्प्रॉकेटमध्ये भरते आणि रात्रभरात वाळून घट्ट होते. सकाळी मशीन तसेच चालवले की ट्रॅकवर जादा ताण येतो.
- चालवण्याची सवय : उतारावर आडवे वळणे आणि एका जागी गिरकी घेणे.

नवा ट्रॅक घेण्याआधी काय तपासावे?

सर्वांत आधी ट्रॅकचा आकार. तो सहसा रबराच्या आतल्या बाजूला कोरलेला असतो. उदाहरणार्थ, ३०० × ५२.५ × ८० याचा अर्थ रुंदी ३०० मिलिमीटर, दोन कड्यांमधले अंतर ५२.५ मिलिमीटर आणि एकूण कड्या ८०. म्हणजे पूर्ण घेर ४,२०० मिलिमीटर, ४.२ मीटर.

आधीच्या मालकाने ८० ऐवजी ८२ कड्यांचा ट्रॅक बसवला असेल तर घेर १०५ मिलिमीटरने वाढतो. मग ॲडजस्टर पूर्ण बाहेर आला तरी ट्रॅक ताठ होत नाही. म्हणून जुन्या ट्रॅकवरचा आकडा मशीनच्या माहितीपुस्तिकेशी ताडून पाहावा. काही मापांपुढे एन, डब्ल्यू किंवा के अशी अक्षरे असतात. ती आतल्या रचनेतला फरक दाखवतात. आकडे जुळले पण अक्षर वेगळे निघाले तर ट्रॅक नीट बसेलच असे नाही.

दुसरी तपासणी स्प्रॉकेटची. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवा ट्रॅक चढवला तर त्याच्या आतले लोखंडी भाग लवकर खराब होतात. दातांवर वेल्डिंगचा थर देऊन काम भागवण्याचा जुगाड होतो. पण दातांचा आकार किंवा अंतर जरा चुकले तरी झीज वाढते.

सर्वांत धोक्याचा टप्पा कोणता?

ॲडजस्टरमधले ग्रीस सोडणे. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. हाताने चालवायची ग्रीस गन मात्र हजारो पीएसआयचा दाब तयार करू शकते. त्यात ट्रॅकच्या ताणाची आणि स्प्रिंगची भर पडते. व्हॉल्व्ह एकदम काढला तर तो गोळीसारखा उडू शकतो आणि मागून ग्रीसची धार येते.

म्हणून व्हॉल्व्हसमोर कधीही उभे राहू नये. चेहरा, हात, पाय बाजूला ठेवून तो अगदी सावकाश, एका फेऱ्यापेक्षा जास्त न फिरवता सैल करावा. ग्रीस आपोआप बाहेर येऊ लागते. येत नसेल तर व्हॉल्व्ह आणखी उघडू नये. चेन पूर्ण उतरलेली नसेल तर ट्रॅक हळूहळू पुढे-मागे फिरवावा. निप्पल काढून आत खिळा घालण्याचा प्रयोग करू नये.

दाबाखालचे ग्रीस कातडीतून आत शिरले तर वरून फक्त टाचणीएवढे छिद्र दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र बोटातल्या पेशी मरू लागतात. ही तातडीची शस्त्रक्रिया लागणारी जखम आहे. हळद लावून दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. तातडीने रुग्णालयात जाऊन ‘दाबाचे ग्रीस आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे.

ट्रॅक परत कसा चढवायचा?

१. मशीन सपाट, कडक जमिनीवर घ्यावे. आधी सगळी माती खरवडून, पाण्याने धुऊन काढावी.

२. ब्लेड टेकवून आणि बकेट जमिनीवर दाबून मशीनची ती बाजू उचलावी. उचलताना बूम आणि आर्म यांच्यातला कोन साधारण ९० ते ११० अंश ठेवावा. मग चेसिसखाली जाड लाकडी स्लीपर किंवा ठोकळे रचावेत. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या मशीनखाली हात-पाय घालू नयेत; जुन्या मशीनमध्ये तेलाचा दाब हळूहळू उतरतो. विटांचा आधारही चालत नाही, त्या फुटतात.

३. वर सांगितल्याप्रमाणे ग्रीस सोडून आयडलर मागे ढकलावा.

४. ट्रॅक आधी स्प्रॉकेटच्या दातांत बसवावा, नंतर आयडलरवर घ्यावा. रबराच्या आतल्या खाचांत लोखंडी पाइप अडकवून, स्प्रॉकेट हळू फिरवत ट्रॅक सरकवता येतो. यासाठी दोघे हवेत. ट्रॅकजवळचा माणूस पूर्ण बाजूला झाल्याशिवाय चालकाने लिव्हरला हात लावू नये.

५. व्हॉल्व्ह बंद करून ग्रीस भरावे. ट्रॅक उचललेला असतानाच मधल्या रोलरचा तळ आणि ट्रॅकची आतली बाजू यातले अंतर मोजावे. अनेक मिनी मशीनच्या रबरी ट्रॅकसाठी ते १० ते २० मिलिमीटर असते. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. ट्रॅक पुढे-मागे फिरवून पुन्हा मोजावे. जास्त ताठ करणेही चुकीचेच. त्याने रोलर, आयडलर आणि मोटरचे बेअरिंग लवकर जातात.

चिरलेले रबर दुरुस्त होते का?

रबरी ट्रॅकच्या पोटात पोलादी तारा असतात आणि ओढीचा सगळा ताण त्याच पेलतात. चीर फक्त वरच्या रबरापुरती असेल तर टायरवाल्यांसारखा पॅच लावून पाणी आत जाणे थांबवता येते. तारा दिसू लागल्या की गंज सुरू होतो. तारा तुटल्या असतील किंवा आतले लोखंडी तुकडे निखळत असतील तर पॅच म्हणजे फक्त वेळ काढणे. असा ट्रॅक चढावर किंवा चराच्या कडेला तुटला तर मशीन उलटण्याचा धोका असतो.

गॅरेजला कधी द्यावे?

साफसफाई, ताण मोजणे, ट्रॅक चढवणे आणि खालचे रोलर बदलणे ही कामे नीट आधार देऊन, अनुभवी माणसाला सोबत घेऊन घरी करता येतात. ॲडजस्टरची स्प्रिंग मात्र घरी कधीही उघडू नये. ती दाबून सोडवण्यासाठी खास प्रेस लागतो आणि ती सुटली तर माणूस ठार होऊ शकतो. गळके सील, ट्रॅव्हल मोटरमधून येणारे तेल आणि चेसिसची तड हीदेखील गॅरेजचीच कामे.

पुन्हा उतरू नये म्हणून?

काम संपल्यावर, माती ओली असतानाच ट्रॅक साफ करावा. आठवड्यातून एकदा ताण मोजावा. वळताना जागेवर गिरकी न घेता थोडे पुढे-मागे करत वळावे. काँक्रीट आणि खडकावर तर हे आवर्जून पाळावे. सांडलेले डिझेल-ऑइल रबरावरून लगेच पुसावे. पावसाळ्यात मशीन महिनोन् महिने उभे राहणार असेल तर ते सावलीत ठेवावे आणि अधूनमधून थोडे चालवावे.

जुने मशीन घ्यायचे असेल तर रंग आणि मीटरवरचे तास यांवर जाऊ नये. विक्रेत्याला दोन्ही बाजू एकेक करून उचलायला लावाव्यात, ट्रॅक दोन्ही दिशांना फिरवून पाहावा आणि ॲडजस्टर किती बाहेर आला आहे ते बघावे. तो शेवटापर्यंत बाहेर असेल तर ट्रॅक, स्प्रॉकेट आणि आयडलरचा खर्च किमतीत धरूनच सौदा करावा.