सुटे भाग आणण्याआधी तिसरी पिन तपासा

बारावीचा निकाल लागला, सीईटीची धावपळ संपली, की लातूर आणि नांदेडच्या अनेक घरांत दिलेला शब्द पाळायची वेळ येते. ‘चांगले मार्क मिळव, कॉम्प्युटर घेऊन देऊ’ असे वडील दोन वर्षांपूर्वी बोलून गेलेले असतात. आता मुलगा किंवा मुलगी आर्किटेक्चर, ॲनिमेशन नाहीतर इंजिनिअरिंगला निघालेली असते आणि हट्ट असा, की तयार कॉम्प्युटर नको. सुटे भाग आणून स्वतः जोडायचा. दिवसा त्यावर डिझाइनचे काम व्हावे, रात्री गेमही चालावा. वडिलांना यातले फारसे कळत नाही. मुलांना जे कळते ते व्हिडिओ पाहून, आणि ते व्हिडिओ बहुतेक एसीच्या खोलीत तयार झालेले असतात. मराठवाड्यातला मे महिना, भेगाळलेली काळी जमीन, विजेचा कमीजास्त होणारा दाब आणि खिडकीतून येणारी धूळ त्यांच्या यादीत नसते.

हट्ट मात्र वावगा नाही. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक भारताला हवा तसा मिळू दिला नाही, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या चमूने ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर एकत्र जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार केला. उपलब्ध भाग नीट निवडून जोडले तर मोठे काम उभे राहते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. प्रश्न निवडीचा आहे. ही निवड करताना पैसे दिसणाऱ्या भागांवर जातात आणि न दिसणाऱ्या भागांवर काटकसर होते. त्याची किंमत आधी यंत्र मोजते आणि पुढे ते वापरणाऱ्याचे शरीर.

काम आधी, यादी नंतर

पहिला नियम साधा आहे. आधी काम लिहून काढावे, मग भाग. प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड चित्र उभे करते, रॅम हे हातातले काम पसरून ठेवायचे टेबल आणि एसएसडी हे कपाट. गेमसाठी सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असतो. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरवर त्रिमितीय चित्र तयार करतानाही कार्डच राबते, आणि तिथे कार्डाची स्वतःची मेमरी महत्त्वाची ठरते. ८ जीबीवर सुरुवात होते. मोठी दृश्ये करायची असतील तर १२ जीबी किंवा अधिक असलेले कार्ड बरे. इमारतीचे साधे नकाशे काढणाऱ्याला एवढ्या कार्डाची गरज नसते. त्याला वेगवान प्रोसेसर आणि चांगला मॉनिटर जास्त उपयोगी पडतो.

रॅम गेमसाठी १६ जीबी चालते. डिझाइनसाठी ३२ जीबी घ्यावी. एकच पट्टी घेण्याऐवजी सारख्या दोन पट्ट्या घेतल्या तर प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माहिती मिळते आणि वेग वाढतो. एसएसडी एनव्हीएमई प्रकारची असावी. मात्र वर्षभराचे काम एकाच ठिकाणी ठेवू नये. एक साधी बाहेरची हार्ड डिस्क घेऊन आठवड्याला त्यावर प्रत काढण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

भाग एकमेकांना जुळतात का, हे रक्तगट जुळवण्याइतक्याच काळजीने पाहावे लागते. एएमडीचे एएम ५ हे सॉकेट २०२२ मध्ये आले. त्यावर फक्त डीडीआर ५ रॅम बसते, तर आधीच्या एएम ४ वर डीडीआर ४. इंटेलच्या काही पिढ्यांत मदरबोर्ड दोन्ही प्रकारचे मिळतात, पण एका बोर्डावर एकच प्रकार चालतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असते, त्यात आतले ग्राफिक्स नसते. तो थोडा स्वस्त पडतो. पण कार्ड बिघडून दुरुस्तीला गेले, तर ते परत येईपर्यंत मॉनिटर काळाच राहतो. ज्याच्या गावात कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही, त्याने या फरकाचा विचार जरूर करावा.

यंत्राला घाम येत नाही

बाहेर ४२ अंश तापमान असले तरी निरोगी माणसाचे शरीर ३७ अंशांच्या आसपास राहते, कारण घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. कॉम्प्युटरला ही सोय नाही. त्याचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो. त्यामुळे त्याचे तापमान खोलीपेक्षा कितीतरी अंश वरच राहते आणि खोली जितकी तापेल, साधारण तितकाच तोही तापतो. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड ४२ अंशांच्या खोलीत ८७ च्या घरात जाते. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोहोचला, की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. महागडा प्रोसेसर घेऊनही दुपारी गेम अडखळतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

म्हणून कॅबिनेट निवडताना रंगीत दिव्यांपेक्षा समोरची जाळी पाहावी. पुढून हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागून बाहेर टाकणारा एक, एवढे बहुतेकांना पुरते. समोर सलग काच असलेले कॅबिनेट शोभिवंत दिसते, पण हवा अडते. पुढे आणि खाली काढून धुता येणारी धूळजाळी हवी. आपल्याकडच्या धुळीत ती दर पंधरा दिवसांनी साफ करावी लागते. घरात वाळ्याचा किंवा गवताचा कूलर असेल, तर कॉम्प्युटर त्याच्या थेट झोतात ठेवू नये. ओलसर हवेत धूळ चिकटून बसते आणि पंख्यांवर तिचा थर जमतो.

आणखी एक हिशेब घरच्यांनी लक्षात घ्यावा. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. गेम चालू असताना कॉम्प्युटर ३०० वॅट वापरत असेल, तर ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. दारे-खिडक्या लावून मुलगा एकटा बसला असे वाटते, पण उष्णतेच्या दृष्टीने त्या खोलीत चार माणसे बसलेली असतात. अशा खोलीत दुपारभर बसणाऱ्याने पाण्याची बाटली हाताशी ठेवावी आणि खोलीत हवा खेळती राहील असे पाहावे.

सर्वांत दुर्लक्षित डबा

सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस. यादीत पैसे कमी पडले की पहिली कात्री यावर चालते, आणि इथेच चूक होते. हलका एसएमपीएस दाब कमीजास्त झाला की स्वतः जातो आणि जाताना मदरबोर्ड किंवा कार्ड सोबत घेऊन जाऊ शकतो.

किती वॅटचा घ्यावा, हे घरीच काढता येते. मध्यम प्रोसेसर भर कामात ९० वॅटच्या आसपास घेतो. मध्यम ग्राफिक्स कार्ड, उदाहरणार्थ एनव्हीडियाचे आरटीएक्स ४०६०, ११५ वॅटचे आहे. उरलेल्या भागांचे ६० धरले तर बेरीज २६५ होते. त्याच्या दुप्पट, म्हणजे ५५० वॅटचा नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस पुरेसा होतो. ‘८० प्लस ब्राँझ’ किंवा ‘गोल्ड’ हा शिक्का म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती वाया जाते याची प्रमाणित परीक्षा. निम्म्या भारावर ब्राँझ सुमारे ८५ टक्के वीज कामी लावतो, गोल्ड सुमारे ९०. उरलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते.

वीज अचानक जाणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट. यूपीएस घेताना खोक्यावरचा मोठा आकडा व्हीएचा असतो, वॅटचा नसतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. तो काम सेव्ह करून कॉम्प्युटर बंद करण्यापुरता आहे, गेम पूर्ण करण्यासाठी नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे असेल, तर तो साइन वेव्ह प्रकारचा असावा आणि त्यावरील बटण ‘यूपीएस’ स्थितीत ठेवावे. नाहीतर वीज गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होण्याच्या क्षणभरातच कॉम्प्युटर बंद पडतो.

झिणझिण्या ही तक्रार आहे

‘कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात’ असे अनेक मुले सहज सांगतात आणि चप्पल घालून बसतात. हे लक्षण दुर्लक्ष करण्यासारखे नाही. एसएमपीएसमध्ये विजेतील गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा कॅबिनेटच्या धातूशी, म्हणजेच अर्थिंगशी जोडतात. अर्थिंग नीट असेल, तर त्यातून झिरपणारी वीज जमिनीत जाते. अर्थिंग नसेल, तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या साधारण निम्मा दाब राहतो आणि हात लावणाऱ्याच्या शरीरातून ती वीज वाट काढते.

या झिरपणाऱ्या विजेचा प्रवाह अगदी थोडा असतो. शरीराला साधारण १ मिलीअँपिअरला वीज जाणवू लागते. १० च्या पुढे स्नायू आखडून हात सुटत नाही. ३० च्या पुढे श्वास आणि हृदयाच्या ठोक्यांना धोका सुरू होतो. म्हणजे झिणझिण्यांनी कोणी दगावत नाही. पण त्या सांगतात, की या घरात अर्थिंग नाही. उद्या आतली एखादी तार सुटून धातूला टेकली, किंवा त्याच बोर्डावरच्या कूलरमध्ये वीज उतरली, तर वाचवणारे काहीच नाही. ओल्या हाताने कूलर हलवताना बसणारा शॉक किती गंभीर ठरतो, हे सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागांना उन्हाळ्यात नवीन नसते.

आपल्या काळ्या मातीचा इथे थेट संबंध आहे. ओली माती वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात ती वाळून भेगाळली, की पावसाळ्यात ठीक असलेले अर्थिंगही कमजोर होते. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे. भाग आणण्याआधी वायरमन बोलावून सॉकेटची तिसरी, मोठी पिन खरोखर जमिनीशी जोडलेली आहे का ते मोजून घ्यावे. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. हा सगळा खर्च एका बऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या तुलनेत किरकोळ आहे, आणि तो घरातल्या सगळ्यांना राखतो. एसएमपीएसचा डबा मात्र कोणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ साठून असू शकतो.

डोळे, मान आणि झोप

मॉनिटर हा यादीतला शेवटचा भाग समजला जातो, पण माणूस तासन्‌तास पाहतो तो हाच. २४ इंची फुल एचडी किंवा २७ इंची क्यूएचडी, आयपीएस पॅनेलचा मॉनिटर दोन्ही कामांना जमतो. डिझाइनसाठी तो एसआरजीबी रंगपट्टा जवळपास पूर्ण दाखवणारा असावा. गेमसाठी १४४ हर्ट्झ पुरेसे. त्याचा स्टँड वरखाली होणारा हवा. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर हातभर असावे. डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते आणि मान पुढे झुकली की मानेच्या स्नायूंवरचा ताण कित्येक पट वाढतो.

माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण खूप घटते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० फूट दूर २० सेकंद पाहावे आणि जाणीवपूर्वक पापण्या मिटाव्यात. पलंगावर किंवा जमिनीवर बसून कीबोर्ड मांडीवर घेऊ नये. कंबरेला आधार देणारी साधी खुर्ची, टेकलेले पाय आणि टेबलाच्या उंचीवरचे कोपर, एवढे जमले तर शर्यतीच्या गाडीसारख्या महागड्या खुर्चीची गरज नाही.

झोपेचा हिशेब घरच्यांनी आधीच ठरवावा. रात्री उशिरापर्यंतचा प्रखर प्रकाश मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक दाबतो, आणि गेममधली उत्तेजना मेंदूला शांत होऊ देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे; हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. रोज गेम खेळणारा प्रत्येक जण आजारी नसतो. खेळावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे हे साधारण वर्षभर चालले, तर डॉक्टरांना दाखवावे. कॉम्प्युटर झोपण्याच्या खोलीत न ठेवता बैठकीत ठेवला, तर अर्धे प्रश्न भांडणाशिवाय सुटतात.

बाजारात जाताना

मोठ्या खरेदीसाठी नांदेडकर हैदराबादकडे, लातूरकर पुण्याकडे पाहतात. सिकंदराबादचे चिनॉय ट्रेड सेंटर आणि पुण्याची तपकीर गल्ली यांची नावे मुलांना पाठ असतात. कुठूनही घ्या, पण पक्के बिल घ्या. त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असावा. वॉरंटीसाठी भाग कुठे पाठवावा लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा. गावातल्या दुकानात थोडे जास्त पैसे पडले आणि बदली तिथेच मिळणार असेल, तर ते पैसे वाया जात नाहीत.

जोडणी सकाळी करावी. सगळे भाग आधी टेबलावर मांडावेत, प्रत्येक भाग उचलण्याआधी कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी आणि जोडणी पूर्ण होईपर्यंत प्लग सॉकेटमध्ये घालू नये. त्या दिवशी वडिलांनीही शेजारी बसावे. कुठला भाग काय करतो, हे मुलाने त्यांना सांगावे आणि प्लग कुठल्या सॉकेटमध्ये जाणार, हे त्यांनी मुलाला विचारावे.