हाडं पोखरणारा आजार आणि रक्तपेशींच्या खुणा

मी निवृत्त झाले तरी पिनरमधली आपली मंडळी मला अजून सिस्टरच म्हणतात, आणि इस्पितळाचं पत्र आलं की वाचायला घेऊन येतात. मध्यंतरी एका पत्रात ‘सीडी३८ आणि सीडी१३८ पॉझिटिव्ह’ असं होतं. घरच्यांना वाटलं, आणखी दोन आजार निघाले. तसं नाही. ते पत्र मायलोमाचं होतं.

हाडांच्या पोकळीत मगज असतो आणि तिथे रक्तपेशी तयार होतात. त्यांतल्या प्लाझ्मा पेशी जंतूंशी लढणारी प्रथिनं बनवतात. मायलोमात अशा एकाच पेशीची पिलावळ बेसुमार वाढते. ती हाड पोखरणाऱ्या पेशींना चेतवते आणि हाड भरून काढणाऱ्या पेशींना दाबते. मग हाडाला भोकं पडतात, मणका दबतो, बरगडी सहज मोडते. वयोमानाने हाडं ठिसूळ होतात तो प्रकार वेगळा. हा रक्तपेशींचा कर्करोग आहे.

त्याची एक जुनी नोंद लंडनचीच आहे. १८४५ साली ४५ वर्षांचा एक किराणा व्यापारी हाडांच्या दुखण्याने बेजार होता. त्याची लघवी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या डॉ. हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे तपासायला गेली. तिच्यातला साका तापवला की विरघळे आणि निवला की पुन्हा जमे. १ जानेवारी १८४६ रोजी तो गृहस्थ वारला. त्या प्रथिनाला आजही बेन्स जोन्स यांचंच नाव आहे.

आता ‘सीडी’ म्हणजे काय? पेशीच्या अंगावर निरनिराळी प्रथिनं असतात, त्यांना हे क्रमांक दिले आहेत. गणवेशावरून स्टाफ नर्स कोण आणि मेट्रन कोण ते आम्हाला कळायचं, तसंच हे. कमरेच्या हाडातून मगज काढून तपासताना सीडी१३८ आणि सीडी३८ या खुणांवरून प्लाझ्मा पेशी ओळखतात. निरोगी प्लाझ्मा पेशींवरही त्या असतात. म्हणून ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावरून आजार किती वाढला ते ठरत नाही; डॉक्टर इतर खुणा, रक्त आणि स्कॅन मिळून पाहतात.

या खुणेचा उपचारालाही उपयोग होतो. डॅराट्युमुमॅब हे औषध सीडी३८ ला जाऊन चिकटतं. पण तांबड्या पेशींवरही थोडं सीडी३८ असतं, त्यामुळे रक्त चढवण्याआधीच्या जुळणीत गोंधळ होतो. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी रक्तगट तपासून घेतात आणि रुग्णाला एक कार्ड देतात. ते पाकिटात ठेवा आणि कुठल्याही इस्पितळात गेलात की दाखवा. औषध बंद झाल्यावरही सहा महिने तरी जवळ असू द्या.

पाठ किंवा बरगडी आठवडेच्या आठवडे दुखतेय, थकवा जात नाही, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होतोय, तहान आणि बद्धकोष्ठ वाढलंय, असं असेल तर ‘वय झालं’ म्हणून अंगावर काढू नका. जीपीकडे जा. हिमोग्लोबिन, कॅल्शियम, मूत्रपिंड आणि रक्तातली प्रथिनं तपासायची का, ते विचारा. मायलोमा असेल तर आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, मूत्रपिंडाला इजा होते. आणि पाठदुखीबरोबर पाय लुळे पडले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता ९९९ ला फोन करा.