काजूच्या हंगामात गोचिडीपासून संरक्षण : निवारक औषधाची निवड

काजू हे जमिनीवरून वेचून गोळा करावयाचे पीक आहे. बोंड पिकून आपोआप गळून पडल्यावर बी वेचली, म्हणजे ती पूर्ण भरलेली व पक्व मिळते. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालणाऱ्या या कामात कोकणातील स्त्री-पुरुष रोज कित्येक तास झाडाखालच्या पातेऱ्यात वाकून किंवा उकिडवे बसून काढतात. याच दिवसांत भाजावळीसाठी पातेरा गोळा करणे, सरपण आणणे व गुरे रानात नेणे ही कामेही चालू असतात. ही सर्व कामे रानात किंवा रानाच्या कडेला होतात; आणि रानातील गोचिडीची बारीक पिल्लेही याच महिन्यांत रक्ताच्या शोधात असतात.

या गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप हा गंभीर रोग आहे. 1957 साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला. म्हणून त्यास शास्त्रीय भाषेत क्यासनूर जंगल रोग असे म्हणतात. 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 साली सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. काजूच्या बागांत काम करणाऱ्यांचाही त्यात समावेश होता. या रोगाच्या 100 रुग्णांपैकी साधारणतः 3 ते 5 दगावतात. त्यावर रामबाण असे औषध नाही, आणि पूर्वी दिली जाणारी लस पुरेशी परिणामकारक न ठरल्याने तिचा वापर थांबविण्यात आला. यास्तव गोचीड अंगास चिकटू न देणे हाच आज शेतकऱ्याच्या हातातील मुख्य उपाय होय.

गोचीड अंगावर कशी चढते

गोचीड उडत नाही व उडीही मारीत नाही. ती पातेऱ्यात, गवताच्या पात्यावर किंवा खुरट्या झुडपावर पाय पसरून वाट पाहत बसते आणि जवळून जाणाऱ्या माणसाच्या किंवा जनावराच्या अंगास चिकटते. नंतर ती वर चढत जाते व काख, जांघ, कंबर, गुडघ्यामागील लवण अशा मऊ जागी जाऊन चावते. गुरांच्या अंगावर फुगलेली मोठी गोचीड सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु माणसास माकडताप देणारी बहुधा तिची पिल्ले असतात. ती तिळाहूनही लहान असून त्यांचा चावा दुखत नाही. त्यामुळे ती अंगावर असल्याचे पुष्कळदा कळतही नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. डासापासून संरक्षण करताना आपण उघड्या हातापायांचा विचार करतो. गोचिडीपासून संरक्षण करताना मात्र पावलापासून कंबरेपर्यंतचा भाग प्रथम सांभाळावा लागतो.

निवारक औषध म्हणजे काय

निवारक औषध कीटकास मारीत नाही. ते लावले असता डास, गोचीड इत्यादींना माणसाच्या अंगाचा माग नीट लागत नाही किंवा तेथे चिकटावेसे वाटत नाही. त्याचा परिणाम ठराविक वेळच टिकतो. म्हणून निवड करताना वास, रंग किंवा जाहिरात न पाहता तीन प्रश्न विचारावेत : संरक्षण कशापासून हवे आहे? किती तास हवे आहे? आणि औषध कोणाच्या अंगास लावावयाचे आहे?

या प्रश्नांची उत्तरे वेष्टनावर सापडतात. त्यावर मुख्य द्रव्याचे नाव, त्याचे शेकडा प्रमाण, ते कोणत्या कीटकांवर चालते आणि वापराची मुदत हा मजकूर असतो. केवळ डासांचा उल्लेख असलेले मलम गोचिडीसाठीही पुरेल असे गृहीत धरू नये.

मुख्य द्रव्यांचा परिचय

डीट : हे द्रव्य 1946 साली अमेरिकेत सैनिकांसाठी तयार झाले व 1957 पासून तेथील सर्वसामान्य लोकांना मिळू लागले. डास व गोचीड या दोहोंवर ते चालते. त्याचे शेकडा प्रमाण वाढले म्हणजे औषध अधिक जहाल होते असे नव्हे, तर ते अधिक वेळ टिकते. साधारणतः 10 टक्क्यांचे औषध डासांवर दोन-तीन तास, तर 30 टक्क्यांचे पाच-सहा तास टिकते. 50 टक्क्यांच्या पुढे गेल्यास टिकण्याचा काळ फारसा वाढत नाही. म्हणून त्याहून तीव्र औषधासाठी अधिक पैसे मोजण्यात लाभ नाही. गोचिडीसाठी 20 ते 30 टक्के प्रमाण योग्य समजावे. डीटमुळे प्लास्टिक, चष्म्याची चौकट, घड्याळाची काच व काही कृत्रिम धाग्यांचे कापड खराब होते; सुती कापडास अपाय होत नाही.

डेपा : हे द्रव्य ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेत विकसित झाले. कर्नाटकातील माकडतापाच्या भागात रानात जाणाऱ्या लोकांना आरोग्य खात्यामार्फत डेपा तेल वाटण्यात येते. ते उपलब्ध असेल तेथे अवश्य घ्यावे व सोबतच्या सूचनेप्रमाणे लावावे.

पिकारिडिन : यास इकारिडिन असेही म्हणतात. यास वास जवळजवळ नसतो, अंग चिकट होत नाही व प्लास्टिकही खराब होत नाही. 20 टक्क्यांचे औषध डास व गोचीड दोहोंवर चांगले चालते. डीटचा वास ज्यांना सोसत नाही त्यांच्यासाठी हा उत्तम पर्याय आहे.

डायएथिल बेंझामाइड : आपल्याकडील डासांच्या काही मलमांत हे द्रव्य असते. नाव डीटच्या पूर्ण नावासारखे वाटले तरी ते वेगळे द्रव्य आहे. घराच्या ओटीवर किंवा संध्याकाळी मळ्यात डासांपासून बचाव करण्यास असे मलम ठीक. परंतु रानातील कामासाठी त्याच्यावरच विसंबू नये.

वनस्पतिजन्य तेले : निंबोळी, करंज व गवती चहाच्या जातीच्या गवतापासून काढलेले सिट्रोनेला ही तेले घरोघरी वापरात आहेत. त्यांचा परिणाम अल्पकाळ टिकतो. 2002 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत 23.8 टक्के डीटने डासांपासून सरासरी 5 तास संरक्षण दिले. सिट्रोनेलाची औषधे 20 मिनिटेही टिकली नाहीत आणि मनगटात घालावयाच्या औषधी पट्ट्यांचा उपयोग दिसून आला नाही. पाच तास काजू वेचणाऱ्याने दर वीस मिनिटांनी तेल लावणे हे व्यवहारात शक्य नाही.

एका कुटुंबाचे उदाहरण

समजा, एका कुटुंबातील पती-पत्नी सकाळी 7 ते दुपारी 12 पर्यंत बागेत काम करतात, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा सुटीच्या दिवशी तासभर सोबत जातो आणि एक वर्षाचे मूल आजीजवळ घरी असते. पती-पत्नींनी 20 ते 30 टक्के डीट किंवा 20 टक्के पिकारिडिन घ्यावे. घामाने औषध लवकर उतरते; म्हणून न्याहारीच्या वेळी, वेष्टनावरील सूचना पाहून, ते पुन्हा लावावे. मुलास हेच औषध चालेल; मात्र ते मोठ्या माणसाने आपल्या हातावर घेऊन त्यास लावावे. मुलाच्या तळहातास लावू नये, कारण ते हात डोळ्यांत व तोंडात जातात. तान्ह्या मुलास बागेत नेऊन पातेऱ्यावर निजवू नये, हाच त्याच्यासाठी खरा बचाव. दोन महिन्यांच्या आतील बालकास निवारक लावूच नये. लेमन युकॅलिप्टसपासून केलेले औषध तीन वर्षांखालील मुलांसाठी वर्ज्य मानावे.

कपडे हेही संरक्षणच

निवारक कितीही चांगले असले तरी एकटे पुरत नाही. पायांत बूट, पूर्ण पायघोळ विजार व लांब बाह्यांचा सदरा घालावा. विजारीची टोके मोज्यांत खोचावीत. असे केल्याने चढणारी गोचीड कपड्याच्या बाहेरच राहते व नजरेस पडते. फिकट रंगाच्या कापडावर ती लवकर दिसते. साडी नेसून काम करणाऱ्या भगिनींनी आत पायघोळ विजार व मोजे घालणे हिताचे आहे.

कपड्यांसाठी परमेथ्रिन नावाचे वेगळे औषध असते. 0.5 टक्के परमेथ्रिन लावून वाळविलेल्या कपड्यांवर चढलेली गोचीड मरते आणि त्याचा परिणाम अनेक धुण्यांपर्यंत टिकतो. हे औषध कपड्यांसाठीच आहे. अंगास लावू नये. तसेच पिकावर फवारावयाचे कीटकनाशक पाण्यात कालवून कपडे त्यात बुडविण्याचा प्रयोग कोणीही करू नये. खास कपड्यांसाठी म्हणून विकले जाणारे औषधच वापरावे.

गुरांचे औषध माणसास नको

गोठ्यात गुरांच्या गोचिडीवरील औषधाची बाटली असते. जे बैलाच्या अंगावरील गोचीड मारते ते आपल्या पायासही चालेल, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तो अत्यंत घातक आहे. अमिट्राझ, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांची ही औषधे जनावरांसाठी व ठराविक प्रमाणात पातळ करून वापरावयाची असतात. ती माणसाच्या अंगास लावल्यास कातडीची आग होते आणि विषबाधेचाही धोका असतो. रॉकेल लावण्यानेही कातडीस इजा होते व भाजावळीच्या आगीजवळ प्राणावर बेतू शकते. फवाऱ्याच्या स्वरूपातील निवारकांतही पुष्कळदा मद्यार्क असतो. ते लावताना चूल, विडी व जाळ दूर ठेवावा.

लावण्याची रीत

उघड्या कातडीवर औषधाचा पातळ व सारखा थर द्यावा. पावले, घोटे व पोटऱ्या यांकडे विशेष लक्ष पुरवावे. बुटांवर, मोज्यांवर व विजारीच्या टोकांवरही सुती कापड असल्यास ते लावता येते. कपड्याखाली झाकलेल्या कातडीस, जखमेस, डोळ्यांजवळ व ओठांस लावू नये. न्याहारी, पान-तंबाखू खाण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. काम आटोपल्यावर घरी येऊन औषध साबणाने धुऊन टाकावे. अंगास पुरळ आल्यास किंवा आग झाल्यास औषध तत्काळ धुवावे आणि वेष्टन घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जावे.

घरी परतल्यावर

बागेतील कपडे अंगणातच काढून गरम पाण्यात भिजत घालावेत. गरम पाणी व साबणाने स्नान करावे आणि काख, जांघ, बेंबी, कंबर, गुडघ्यामागील भाग, कानामागील जागा व केसांची मुळे नीट तपासावीत. मुलांची तपासणी आईवडिलांनी करावी. गोचीड सापडल्यास बारीक चिमट्याने तिला कातडीलगत धरून सरळ वर ओढावे व जागा साबणाने धुवावी. तिच्यावर रॉकेल ओतणे, जळती काडी टेकविणे किंवा नखाने चिरडणे ही कामे टाळावीत.

चावा झाल्यापासून साधारणतः 3 ते 8 दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप, डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाल्यास घरगुती उपायांत वेळ घालवू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि आपण रानात किंवा काजूबागेत गेलो होतो, हे आवर्जून सांगावे. रक्ताची तपासणी करण्यास या माहितीची मदत होते. हा रोग माणसापासून माणसास लागत नाही. म्हणून रुग्णास वाळीत टाकण्याचे कारण नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

काजूचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत बैठका घ्याव्यात. आरोग्य केंद्रात कोणते निवारक उपलब्ध आहे याची चौकशी करावी, वेष्टन कसे वाचावे हे प्रत्यक्ष बाटली हातात घेऊन दाखवावे आणि बागाईतदारांनी आपल्या मजुरांसाठीही औषध व मोजे पुरवावेत असा आग्रह धरावा. मजुराचे आजारपण म्हणजे त्याच्या घरचा बुडालेला हंगाम होय.

रानात किंवा बागेत वानर अथवा माकड मेलेले आढळल्यास कोणीही त्यास हात लावू नये. ते मेल्यावर त्याच्या अंगावरील गोचिडी उतरून आसपासच्या पातेऱ्यात पसरतात. अशा जागी जाणे बंद करून आरोग्य, वन व पशुसंवर्धन खात्यांच्या कर्मचाऱ्यांना त्याच दिवशी कळवावे.

बाग राखावयाची ती पिकासाठी, आणि पीक काढावयाचे ते घरच्या माणसांसाठी. कोयती व टोपली घेऊन घराबाहेर पडताना घोटे झाकले की नाहीत आणि औषध लावले की नाही, हे एकमेकांना विचारण्याची सवय प्रत्येक घरात पडावी.